कानामागून आलेली नाहीये ती, आधीपासूनच तिखट होती: फिल्म फेस्टिवलवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले आणि गोव्यातले तमाम फिल्म फेस्टिवलवाले, फिल्म सोसायटीवाले, क्लबवाले आणि सिलेक्शन कमिटीत बसणारी जाणकार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आधी मी कोण ते सांगून टाकतो, कारण तुमच्यातले निम्मे जण पहिलं तेच विचारणार. मी समीक्षक नाही, फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स वगैरे केलेला नाही. सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून सुरुवात केली आणि २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं नायजेरियात, लागोस शहरात एका प्लास्टिकच्या कारखान्यात काढली, मोल्डिंग मशीन रुसून बसलं की त्याची समजूत काढायची हे माझं काम. आता रिटायरमेंटला टेकलोय, नाशकातच असतो, दरवर्षी तुमच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या फेस्टिवलचा डेलिगेट पास काढतो, लाइनीत उभा राहतो आणि शेवटच्या रांगेत बसतो. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आहे. त्या हक्कानं बोलतोय.

झालं असं की एका फिल्म क्लबच्या सेक्रेटरींना (नाव गाव घेत नाही, माणूस चांगलाय) मी तीन वर्षं मागे लागलो होतो की एखादा नायजेरियाचा पिक्चर लावा. पहिल्या वर्षी म्हणाले बघू. दुसऱ्या वर्षी म्हणाले अहो ते यूट्यूबवरचे भूतबाधेचे पिक्चर ना, आपल्या मेंबरांना नाही चालायचं. तिसऱ्या वर्षी नुसतंच हसले. आणि मग २०२५ च्या मे महिन्यात त्यांचाच मला फॉरवर्ड, 'माय फादर्स शॅडो' फ्रान्सच्या कान फेस्टिवलच्या ऑफिशियल सिलेक्शनमध्ये, नायजेरियाचा पहिलाच पिक्चर, आणि खाली त्यांनी लिहिलेलं, 'अहो तुमचं नायजेरिया!!' आणि पुढे डोळे विस्फारलेला तो पिवळा गोळा.

तर आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. अकिनोला डेव्हिस ज्युनियर म्हणून दिग्दर्शक आहे, त्याची ही पहिलीच फीचर, लिहिलीये त्यानं आणि त्याच्या भावानं, वाले डेव्हिसनं, मिळून. 'अं सर्तेन रगार' नावाच्या विभागात होती आणि पदार्पणाच्या पिक्चरसाठी जो कॅमेरा दोर पुरस्कार असतो त्यात तिचा खास उल्लेख झाला. गोष्ट म्हटली तर एवढीशी, दोन लहान भाऊ, कधीतरीच घरी दिसणारा बाप, आणि बापाबरोबर लागोसमध्ये घालवलेला एक दिवस. पण तो दिवस १९९३ च्या जूनमधला आहे. १२ जूनला निवडणूक झालेली, एम. के. ओ. अबिओला जिंकत चाललेले, आणि लष्करशहा बाबांगिदांनी ती निवडणूकच रद्द करून टाकली. (१२ जून ही तारीख आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळ्या कारणानं पाठ आहे, १९७५ ला इंदिरा गांधींविरुद्ध अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल आला तो हाच दिवस. त्यांच्याकडे आता १२ जूनला लोकशाही दिन असतो.) 

पण तुमच्या ग्रुपांवर नंतर जे चाललं ना, 'नायजेरियन सिनेमाचा उदय', 'आफ्रिकेतून अचानक आलेला नवा आवाज', ते वाचून डोकं फिरलं. अचानक? कानामागून आली आणि तिखट झाली असं आपण म्हणतो, इथे तर शब्दशः कान आहे, आणि ही बाई कानाच्या आधी तीस वर्षं तिखटच होती हो, फक्त आपण चव घेतली नव्हती.

थोडा इतिहास सांगतो, माहीत असेल त्यांनी सोडून द्या. नायजेरियात १९७० च्या दशकात रीळवाले पिक्चर बनत होते, त्याच्याही आधीपासून योरुबा लोकांच्या फिरत्या नाटक कंपन्या होत्या, ह्युबर्ट ओगुंदेंसारखे लोक अख्खी मंडळी ट्रकमध्ये घालून गावोगाव खेळ करायचे, आपल्या तमाशाच्या फडांसारखं चित्र डोळ्यापुढे आणा. नंतर १९८६ पासून तिथं आर्थिक सुधारणांच्या नावाखाली नायरा, म्हणजे त्यांचा रुपया, जो घसरला तो घसरलाच, परदेशातून रीळ आणणं कुणाला परवडेना, थिएटरं बंद पडून त्यांची चर्च आणि गोडाऊनं झाली, रात्री बाहेर पडायची लोकांना भीती. टीव्हीच्या सिरियली कमी झाल्या, नट घरी बसले. आणि मग १९९२ ला केनेथ न्नेबुए नावाच्या व्यापाऱ्यानं 'लिव्हिंग इन बॉन्डेज' काढला, इग्बो भाषेत, थेट व्हीएचएस कॅसेटवर. हा माणूस कोऱ्या कॅसेटींच्या धंद्यातला, आणि नुसती कोरी कॅसेट विकण्यापेक्षा तिच्यावर गोष्ट भरून विकली तर जास्त खपेल हा त्याचा हिशेब, असं तिकडे सगळेच सांगतात. पैशासाठी बायकोचा बळी देणारा एक माणूस आणि मग तिचं भूत त्याच्या मागे लागतं, ही गोष्ट. कॅसेट तुफान खपली.

म्हणजे बघा, अनुदान नाही, ओटीटी नाही, थिएटर नाही, समीक्षक नाही. लागोसचं इडुमोटा मार्केट, तिकडे पूर्वेला ओनित्शा आणि आबा, तिथले कॅसेटींचे होलसेलवाले, त्यांना 'मार्केटर' म्हणतात, तेच फायनान्सर, तेच डिस्ट्रिब्युटर, तेच कोणता नट घ्यायचा ते ठरवणार. आठवड्या दोन आठवड्यांत शूटिंग उरकायचं, सोमवारी माल बाजारात, पायरेटवाला कॉपी मारायच्या आत पैसे वसूल. युनेस्कोनं २००६ सालचे आकडे काढले त्यात भारताचे १०९१ पिक्चर, नायजेरियाचे ८७२ आणि अमेरिकेचे ४८५. ते ८७२ सगळे व्हिडिओवरचे. ही आकडेवारी २००९ ला जाहीर झाली तेव्हा मी तिथंच होतो आणि आमच्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला ओगा, हे मोजायला त्यांना एवढा वेळ लागला?

ओगा म्हणजे साहेब, शेठ, मालक, जे काय म्हणाल ते.

आता मी पहिला नायजेरियन पिक्चर कसा बघितला ते सांगतो, कारण माझं म्हणणं कळायला ते लागेल. लागोसच्या इलुपेजू भागात आमचं कंपनीचं कंपाउंड होतं, गेटजवळ वॉचमनची खोली. वॉचमन उत्तरेतल्या कानो शहराकडचा हाउसा माणूस, आम्ही सगळे त्याला मल्लम म्हणायचो, त्यांच्यात मान द्यायचा तर असंच म्हणतात. स्वयंपाकाला एक इग्बो बाई, वयानं माझ्याएवढीच पण तिला मामा म्हणायचं, तिकडे मामा म्हणजे आई. ड्रायव्हर योरुबा. तिघांच्या तीन भाषा, एकमेकांशी बोलायचं ते पिजिनमध्ये, म्हणजे तिकडच्या बाजारातल्या मिसळीच्या इंग्रजीत. संध्याकाळी चौदा इंची टीव्हीवर व्हीसीडी लागायची, आणि मी एकटा जीव, गेस्टहाऊसमध्ये किती वेळ पंख्याकडे बघणार, मी पण जाऊन बसायला लागलो, पहिल्या दिवशी स्टूल दिलं, नंतर जमिनीवरच.

पिक्चर सासू-सुनेचा होता. सुनेला मूल होत नाही, सासू गावाहून येते, बरोबर एक दुसरी मुलगी घेऊन येते, ही आता इथंच राहणार म्हणते. नवरा खाली मान घालून बसलेला. मामानं टीव्हीशी भांडायला सुरुवात केली. खरंच, टीव्हीशी. त्या नवऱ्याला ती सांगत होती की तोंड उघड, बायको आहे ना तुझी. मल्लम सासूच्या बाजूनं. ड्रायव्हर म्हणाला थांबा, पार्ट टू मध्ये पास्टर, म्हणजे चर्चचा पाद्री, येणार आहे. आवाजाचं म्हणाल तर डायलॉगच्या मागे कुठल्यातरी शेजाऱ्याचा जनरेटर सतत धडधडतोय, मध्येच कोंबडा आरवतोय, आणि आमच्याही खोलीबाहेर जनरेटर चालूच, त्यामुळे पिक्चरमधला कुठला आणि आपला कुठला काही कळायला मार्ग नाही. तिकडे छोट्या स्वस्त जनरेटरला 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा! ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हे लोक आपल्याच कुठल्यातरी चाळीतले.

आणि सून आता सासूला खरं काय ते सांगणार, दोष नवऱ्यातच आहे, तिनं तोंड उघडलं, आणि जनरेटरमधलं पेट्रोल संपलं. अंधार. चौघांच्या तोंडून एकदम 'आह!' मग नेपाला शिव्या. नेपा म्हणजे त्यांचं वीज बोर्ड. तसं नाव २००५ मध्ये बदललं होतं पण म्हणायचे सगळे नेपाच, आपल्याकडेही २००५ लाच एमएसईबीची महावितरण झाली आणि आपण अजून एमएसईबीचा माणूस आला म्हणतो तसंच. पाऊण तासानं लाइट आली, तर सगळ्या गल्लीतून, घराघरातून पोरांचा ओरडा, 'अप नेपा!' मला भरून आलं हो, लहानपणी सिडकोत लाइट आली की आम्ही अशीच बोंब ठोकायचो. सीडी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली, कुणाची तक्रार नाही. शेवटी पडद्यावर आलं, 'टू गॉड बी द ग्लोरी'. त्यांच्या पिक्चरांत हे शेवटी येतं, आपल्याकडे श्री गणेशाय नमः सुरुवातीला येतं एवढाच फरक.

पिक्चर चांगला होता का? नव्हता. अर्धा तास नुसती गाडी गेटमधून आत येते, गेटमधून बाहेर जाते, दोन पार्ट करायचेत ना म्हणून. पास्टर आल्यावर पाच मिनिटांत सगळं मिटलं. हे मी लपवत नाही, त्या हजारो पिक्चरांतले बरेच टाकाऊ होते, आणि जादूटोणा, वाईट चालीची शहरी बाई, चांगली गावाकडची बाई हे दळण कंटाळा येईपर्यंत दळलं त्यांनी. पण त्या खोलीत चार माणसं चार धर्म-भाषांची बसून एका सुनेसाठी भांडत होती, आणि हे आमच्या एका खोलीत नाही, घानात, केनियात, झांबियात, कॅरिबियन बेटांवर, लंडनच्या पेकहॅममधल्या दुकानांत त्याच सीड्या विकल्या जात होत्या, कांगोत किन्शासाच्या टीव्हीवर लागायचे तेव्हा वरून लिंगाला भाषेत कुणीतरी बोलून समजावायचं. माझा तुम्हाला साधा प्रश्न आहे. हे आंतरराष्ट्रीय नव्हतं का? फ्रान्समधल्या एका गावानं म्हटल्यावरच आंतरराष्ट्रीय होतं का?

आता मल्लमचं सांगतो. हा माणूस कधी भारतात आलेला नाही, हिंदीचा एक शब्द कळत नाही, आणि रात्री गेटवर बसून हिंदी गाणी गुणगुणायचा. चाल अगदी बरोबर, शब्द काहीही. विचारलं तर म्हणाला कानोत लहानपणी शुक्रवारी थिएटरला इंडियन पिक्चर. 'मदर इंडिया' किती वेळा बघितला त्याला मोजता आलं नाही. नंतर वाचनात आलं की उत्तर नायजेरियात १९५० च्या दशकापासून लेबनीज व्यापारी आपले पिक्चर आणायचे आणि लोक भाषा न कळता बघायचे, ब्रायन लार्किन नावाच्या अभ्यासकानं यावर सविस्तर लिहिलंय. इतकं की कानोत हिंदी गाण्यांच्या चालींवर पैगंबरांची स्तुतिगीतं म्हणणारे ग्रुप झाले. आणि तिथला हाउसा भाषेतला सिनेमा, ज्याला कॅनीवूड म्हणतात, त्यात गाणी, लाजणं, झाडाभोवती फिरणं सगळं आलं, मुल्लांचा आणि सेन्सॉरचा त्यावर रागही झाला. मल्लमला मी विचारलं, तुला नक्की काय आवडतं आमच्या पिक्चरमध्ये. तो म्हणाला, तुमच्याकडे पण आईला घाबरतात.

आणि मामा! मी २०१२ ला परत आलो, २०१५ ला तिकडे झी वर्ल्ड नावाचं चॅनल सुरू झालं, आपल्या सिरियली इंग्रजी डब करून. मामाचा मला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज, ओगा, तुमच्याकडे हे आधी दाखवून झालंय ना, मग सांगा ती थोरली सून परत येते की नाही. मला काय माहीत, मी बायकोला विचारून कळवलं.

तर त्यांनी साठ-सत्तर वर्षं आपलं बघितलं. कुठल्याही शिक्क्याशिवाय बघितलं, आवडलं म्हणून बघितलं. आपण त्यांचं काय बघितलं? मीम! ते दोन बुटके कलाकार, डोळे मोठे करून बघणारा, हातात पैसे घेऊन हसणारा, तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये स्टिकर म्हणून आहेत, आणि निम्म्या लोकांना वाटतं ती लहान मुलं आहेत. ओसिता इहेमे आणि चिनेडू इकेडिएझे अशी नावं आहेत त्यांची, 'आकी ना उक्वा' या पिक्चरमधून घराघरात पोचले, तेव्हाच विशीतले होते, २०११ ला त्यांच्या सरकारनं दोघांना राष्ट्रीय सन्मान दिला. आपल्याला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. आणि मीम सोडलं तर दुसरं काय, पेपरात 'नायजेरियन टोळी गजाआड'. नालासोपाऱ्याला नायजेरियन माणसाला भाड्यानं खोली देताना लोक काय काय विचारतात ते जाऊन ऐका एकदा. सगळा देश त्या एका बातमीत कोंबलाय आपण.

असो. भरकटलो.

मुद्दा असा की मला भीती वाटते, आता कानचा शिक्का बसला म्हणून तुम्ही एक पिक्चर आणाल, 'फोकस आफ्रिका' असा बोर्ड लावाल, सकाळी साडेनऊच्या शोला, आणि झालं कर्तव्य. शिक्क्यांचं काय असतं ते या नायजेरियावाल्यांना विचारा. २०१९ ला त्यांनी ऑस्करला पहिल्यांदाच पिक्चर पाठवला, जेनेव्हिव्ह नाजीचा 'लायनहार्ट'. बापाच्या बस कंपनीचा कारभार पोरगी सांभाळते अशी साधी सरळ गोष्ट, नेटफ्लिक्सनं टोरांटोच्या फेस्टिवलात उचललेली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्याच वर्षी 'फॉरेन लँग्वेज' हे नाव काढून 'इंटरनॅशनल फीचर' असं भारी नाव ठेवलं होतं. आणि नोव्हेंबरमध्ये हा पिक्चर बाद, का तर त्यात इंग्रजी जास्त, दीड तासात इग्बो फक्त अकराएक मिनिटं. अहो पण तिथली सरकारी भाषाच इंग्रजी आहे, पाचशेवर भाषा असलेल्या देशात ऑफिसमधली माणसं एकमेकांशी इंग्रजीतच बोलणार. नाजीबाईंनी तेव्हा जे सुनावलं त्याचा अर्थ असा की आमच्यावर कुणी राज्य करायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. आपल्याला तर हे पटकन कळायला पाहिजे, आपलं एक वाक्य इंग्रजीशिवाय पुरं होत नाही, हे पत्रच बघा.

मग ओटीटी. २०२० पासून नेटफ्लिक्स, पाठोपाठ अॅमेझॉन, लागोसमध्ये पार्ट्या, रेड कार्पेट, आता नॉलीवूड (नायजेरियाच्या सिनेमाला असंच म्हणतात) जगात पोचलं म्हणून भाषणं. जानेवारी २०२४ ला अॅमेझॉननं आफ्रिकेतलं नवीन काम काढणं बंद केलं. एका ईमेलमध्ये. आणि मजा अशी की त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, फुंके अकिंदेलेचा 'अ ट्राइब कॉल्ड जुडा' तिथल्या थिएटरात लागला होता आणि त्यानं शंभर कोटी नायराची रेषा ओलांडली, नॉलीवूडचा पहिलाच. (नायरा आपल्या रुपयापेक्षा खूपच हलका आहे, आकड्यानं दिपून जाऊ नका, पण ईदला सलमानचा पिक्चर लागावा तशी गर्दी होती म्हणे.) आणि बाकीचे निर्माते? निघाले यूट्यूबवर. २०२५ ला ओमोनी ओबोलीचा 'लव्ह इन एव्हरी वर्ड' यूट्यूबवर आला आणि बघता बघता दोन कोटी व्ह्यूज गेले. म्हणजे फिरून पुन्हा तेच, कॅसेटवाला मार्ग, थेट गिऱ्हाईकाच्या घरात. दारं उघडतात, बंद होतात, ही माणसं खिडकीतून माल पोचवतात.

मालेगाव इथून शंभर-एक किलोमीटरवर. तिथं नासिर शेखनं काय वेगळं केलं होतं? यंत्रमागावरची पोरं घेऊन व्हिडिओवर 'मालेगाव के शोले'. तेव्हा हसलो आपण. मग त्या लोकांवर डॉक्युमेंटरी आली, मग २०२४ ला त्यांच्यावरचा हिंदी पिक्चर टोरांटोला गेला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटायला लागला. मालेगावला इडुमोटासारखा बाजार मिळाला असता तर काय झालं असतं हा विचार मी नेहमी करतो, आणि उत्तर काही सापडत नाही.

तर मागणं काय आहे माझं. एक अख्खा दिवस द्या. साडेनऊचा शो नको, दिवस द्या. सकाळी 'लिव्हिंग इन बॉन्डेज' लावा, टेपचा खरखराट तसाच राहू दे, साफसूफ करू नका. मग टुंडे केलानीचा १९९९ चा 'सावोरोइदे', राजा आणि ढोल यांची गोष्ट आहे पण राजकारण असं सरळ नाव न घेता धुतलंय की आपल्या लोकनाट्यवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात. दुपारी 'एयिमोफे', एसिरी भावांचा, २०२० ला बर्लिनच्या फेस्टिवलला होता. हा १६ एमएमच्या फिल्मवर शूट केलाय, ज्या देशानं रीळ परवडत नाही म्हणून कॅसेट धरली त्याच देशातली नवी पोरं परत रिळावर आलीत. त्यातला हिरो कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम करतो, स्पेनला जायची स्वप्नं बघतो, आणि कारखान्यातला तो जंक्शन बॉक्स, वायरींचा गुंता नुसता, बघून मला थिएटरात नाही, घरच्या सोफ्यावर घाम फुटला. असाच एक बॉक्स पाच वर्षं मी सांभाळला. किती वेळा लिहून दिलं वरती, पार्ट काही आला नाही. जनरेटरचं पुढे त्या पिक्चरमध्ये काय होतं ते सांगत नाही, मी वर जनरेटरवर विनोद केलाय त्याची मलाच लाज वाटली होती. संध्याकाळी 'मामी वाटा', सी. जे. ओबासीचा, काळापांढरा, समुद्र, कवड्या, अंगावर रंगवलेल्या रेघा, २०२३ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला त्याच्या कॅमेऱ्याला पुरस्कार मिळाला. आणि शेवटी तुमचा तो कानवाला.

आणि सबटायटल मराठीत पाहिजेत. हसू नका, कारण आहे. पिजिनमध्ये माणूस खोलीतून बाहेर जाताना म्हणतो 'आय डे कम'. शब्दाला शब्द लावला तर मी येतोय. पण तो तर चाललाय! पहिल्या महिन्यात मी वेड्यासारखा वाट बघत उभा राहायचो की हा येतोय म्हणाला आणि गेला कुठे. आणि मग एक दिवस ट्यूब पेटली, अरे, हा 'येतो हं' म्हणतोय! आपण नाही का उंबऱ्यात चप्पल घालताना म्हणत, जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं. इंग्रजी सबटायटलवाला तिथे काहीतरी तिसरंच लिहिणार आणि ते सगळं वाया जाणार. मराठीत एक शब्द, जसाच्या तसा. 'वहाला' म्हणजे लफडं, कटकट, झंझट, प्रसंग बघून काय ते घ्या. आणि पिजिनला कृपा करून पुस्तकी मराठी लावू नका, अहिराणी लावा, मालवणी लावा, बाजारात बोलतात ती लावा.

शिवाय पुण्यात नायजेरियाची पोरंपोरी शिकायला आहेत, त्यांना बोलवा, फुकट पास द्या आणि पिक्चरनंतर माइक त्यांच्या हातात द्या, आपल्या प्राध्यापकांच्या नाही. टीव्हीशी भांडणारी चार माणसं हॉलमध्ये असली की कसा बघायचा हा सिनेमा ते तुमच्या मेंबरांना आपोआप कळेल. फक्त शूऽऽ करून त्यांना गप्प करायला उठू नका.

माझ्याकडे घरी सात व्हीसीड्या आहेत, इडुमोटाहून आणलेल्या, दोनशे-अडीचशे नायराला एक पडायची बहुतेक. तो सासू-सुनेचा पण आहे. पार्ट वन मामानं निघताना आठवण म्हणून ठेवून घेतला, माझ्याकडे पार्ट टूच आहे, म्हणजे पास्टर येतो तिथून पुढे. पाहिजे असतील तर सांगा, आणून देतो, परत मात्र द्या. प्लेअर तुम्हालाच शोधावा लागेल, माझा बंद पडलाय आणि त्याचा पार्ट मिळत नाहीये.

येतो हं.

तुमचं,
शेवटच्या रांगेतलं गिऱ्हाईक,
नाशिक